घड्याळाशेजारची गर्दी

विंडोज वापरत असाल तर जरा खाली उजव्या कोपऱ्यात बघा. घड्याळ आहे, त्याच्या डावीकडे बारकी बारकी चित्रं आहेत, आणि त्यांच्याही डावीकडे एक छोटा बाण. त्या बाणावर क्लिक करा. आतून जी जनता बाहेर पडेल त्यातली किती मंडळी तुम्ही स्वतः बोलावली होती? माझ्या ऑफिसच्या लॅपटॉपवर आत्ता चौदा आहेत. त्यातल्या तिघांचं काम मला नक्की माहीत आहे. उरलेले अकरा म्हणजे लग्नातले ते पाहुणे: मुलाकडच्यांना वाटतं मुलीकडचे असतील, मुलीकडच्यांना वाटतं मुलाकडचे.

तर ह्या शनिवारी ह्या कोपऱ्याचा इतिहास. विषय फालतू वाटेल, पण थोडा दम धरा. आपण रोज आठ-दहा तास ज्या काचेसमोर बसतो तिच्यावरची सगळ्यात महागडी जागा हीच आहे, आणि ती कुणी, कशी आणि कुणाला विचारून व्यापली ही गोष्ट मला तरी पेशव्यांच्या कारस्थानांइतकीच रंगतदार वाटते.

आधी नावाचं भांडण. आपण सगळे ह्याला 'सिस्टिम ट्रे' म्हणतो. मायक्रोसॉफ्टमधले जुने इंजिनियर रेमंड चेन ह्यांचा 'द ओल्ड न्यू थिंग' नावाचा ब्लॉग आहे (वाचत नसाल तर आजपासून सुरू करा). त्यांनी सप्टेंबर २००३ मध्ये लिहून ठेवलंय की ह्या जागेचं खरं नाव 'नोटिफिकेशन एरिया', म्हणजे सूचनांची जागा. 'ट्रे' हा शब्द आला विंडोज ९५ च्या अगदी सुरुवातीच्या डिझाइनमधून. तेव्हा टास्कबार नव्हताच. टेबलाच्या खणात पेन-पेन्सिली ठेवायचा जो लांबट ट्रे असतो, तशी एक पट्टी स्क्रीनच्या तळाला होती. पुढे ट्रे गेला आणि त्या जागी टास्कबार आला, पण कोडमधली नावं कुणी बदलली नाहीत. टास्कबारच्या खिडकीचं आतलं नाव 'शेल-ट्रे-विंड' असंच राहिलं. त्यात भर म्हणून विंडोज ९५ मध्ये 'सिसट्रे' नावाचा एक छोटा प्रोग्राम होता. आवाजाचं, बॅटरीचं वगैरे चिन्ह तो दाखवायचा. तो बंद केला की ती चिन्हं गायब. लोकांनी निष्कर्ष काढला की ही सगळी जागाच त्याच्या नावावर आहे, म्हणजेच सिस्टिम ट्रे. सातबाऱ्यावर एकाचं नाव आणि गावात ओळख दुसऱ्याच्या नावाने, हे आपल्याकडे नवीन नाही. मी पुढे ट्रेच म्हणणार आहे. चेनसाहेब मराठी वाचत नसावेत.

आता जरा मागे जाऊ. पडद्याआड काम करणाऱ्या प्रोग्रामने माणसाला 'मी इथे आहे' किंवा 'काहीतरी घडलंय' हे सांगायचं कसं, हा प्रश्न विंडोजच्या कितीतरी आधीचा. १९८० साली बर्कली युनिक्समध्ये 'बिफ' नावाची एक कमांड आली. नवीन मेल आली की ती टर्मिनलवर कळवायची. बिफ हे बर्कलीमधल्या एका कुत्र्याचं नाव. हायडी स्टेटनर नावाच्या विद्यार्थिनीचा कुत्रा, आणि कमांड लिहिली जॉन फोडरारो ह्यांनी. पोस्टमन दिसला की बिफ भुंकायचा म्हणून हे नाव, अशी दंतकथा अजून फिरते. खुद्द हायडीबाईंनी ती खोटी असल्याचं सांगितलंय, पण चांगली गोष्ट असली की खुलासा कोण ऐकतो! मला जास्त आवडते ती तिची आतली युक्ती. युनिक्समध्ये टर्मिनल म्हणजे सुद्धा एक फाइलच. फाइलला 'चालवता येते' असा एक बिट असतो, जो टर्मिनलच्या बाबतीत काहीच कामाचा नाही. बिफने तोच बिनकामाचा बिट उचलला. तो चालू असेल तर 'मला सांगा', बंद असेल तर 'मला त्रास देऊ नका'. आज 'डू नॉट डिस्टर्ब' म्हणून फोनवर जे बटण मिरवतात, ते १९८० साली एका बिटात होतं. आणि तो बिट वापरणाऱ्याच्या हातात होता. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

डॉसच्या जगात ह्याच्या उलट तऱ्हा. तिथे एका वेळी एकच प्रोग्राम चालायचा, पण काही चलाख प्रोग्राम संपल्यासारखं दाखवून मेमरीत ठाण मांडून बसायचे. १९८४ चं बोरलँडचं साइडकिक सगळ्यात प्रसिद्ध. ठरावीक कळा दाबल्या की कॅल्क्युलेटर, डायरी पुढ्यात हजर. असे चार-पाच प्रोग्राम आत बसले की ते आपापसात मारामाऱ्या करायचे आणि मशीन गोठायचं. कोण आत बसलंय हे स्क्रीनवर कुठेच दिसत नसे. भाडेकरूंच्या नावाची पाटी नसलेला वाडा म्हणा ना.

मॅकिंटॉशवर १९८८ च्या सिस्टिम ६ मध्ये 'नोटिफिकेशन मॅनेजर' आला. मागे असलेल्या प्रोग्रामला काही सांगायचं असेल तर वरच्या पट्टीतल्या सफरचंदाच्या जागी त्या प्रोग्रामचं बारकं चित्र लुकलुकायचं. सभ्य पद्धत. हात वर करून उभं राहायचं, गुरुजी बघतील तेव्हा बघतील.

आणि मग २४ ऑगस्ट १९९५. विंडोज ९५.

टास्कबार का आला ह्याची कहाणी केंट सुलिव्हन ह्यांनी १९९६ च्या एका लेखात सांगितली आहे. विंडोज ३.१ वर नवख्या लोकांना बसवून बघितलं, तेव्हा लक्षात आलं की एक खिडकी दुसरीच्या मागे गेली की लोकांना वाटतं ती बंद झाली. जे दिसत नाही ते नाही, असा साधा हिशोब. म्हणून सगळं चालू असलेलं कायम दिसेल अशी पट्टी आली. पण आवाज, बॅटरी, मोडेम ह्यांना खिडकीच नसते, त्यांना पट्टीवर एवढं मोठं बटण कशाला? त्यांच्यासाठी घड्याळाशेजारी एक खोलगट चौकोन ठेवला. एका चिन्हाला १६ गुणिले १६, म्हणजे एकूण २५६ ठिपके. माउस वर नेला की दिसणाऱ्या मजकुराला ६४ अक्षरांची मर्यादा, तीही शेवटचं शून्य धरून.

प्रोग्रामरसाठी दार एकच: 'शेल-नोटिफाय-आयकॉन' नावाचं फंक्शन. त्याला तीनच गोष्टी सांगायच्या: चिन्ह लाव, चिन्ह बदल, चिन्ह काढ. मी नोकरीला लागलो तेव्हा मला जे पहिलं जुनं कोड दुरुस्तीला मिळालं त्यात हे फंक्शन होतं, आणि वाचून मी चाट पडलो. परवानगी मागायची सोयच नाही! वापरणाऱ्याला विचारायचं नाही, विंडोजला विचारायचं नाही. 'लाव' म्हटलं की लागलं. १९९५ साली कुणाच्या डोक्यातही नसावं की ह्या दारासमोर रांग लागेल.

ह्यातच ती भुतांची गंमत आहे. प्रोग्राम नीट बंद झाला तर तो जाताना 'काढ' सांगून जातो. पण मध्येच मेला तर चिन्ह तसंच लटकत राहतं, कारण टास्कबारला कुणी कळवलेलंच नसतं. मग तुम्ही सहज तिथून माउस फिरवता, टास्कबार त्या चिन्हाच्या मालकाला हाक मारतो, मालक जिवंत नाही असं कळतं, आणि चिन्ह टचकन नाहीसं होतं. ओळीने सात-आठ भुतं अशी माउसने पुसत जाण्यात जे समाधान आहे ते बबल रॅप फोडण्यातही नाही :)

पहिली काही वर्षं शांततेत गेली. नोव्हेंबर १९९६ मध्ये इस्रायलच्या मिराबिलिस कंपनीचं आयसीक्यू आलं, त्याचं हिरवं फूल ट्रेमध्ये बसायचं आणि निरोप आला की लुकलुकायचं. १९९८ मध्ये याहू पेजर, म्हणजे पुढचा याहू मेसेंजर. माझ्या आधीच्या पिढीतले सीनियर अजून त्या हसऱ्या चेहऱ्याच्या आठवणीने हळवे होतात. कोण ऑनलाइन आहे ह्यासाठी कोपऱ्याकडे डोळे लावून बसण्यात त्यांची अख्खी इंजिनियरिंगची वर्षं गेली म्हणे. (याहू मेसेंजर १७ जुलै २०१८ ला बंद झाला, आयसीक्यू २६ जून २०२४ ला. फूल खूपच चिवट निघालं.) ह्या मेसेंजरांनी एक गोष्ट सगळ्या कंपन्यांना शिकवली: ह्या कोपऱ्यात चिन्ह असलं की माणूस दिवसातून शंभरदा आपल्याकडे बघतो. झालं. गाण्याचे प्लेयर, प्रिंटर, स्कॅनर, डाउनलोड करणारे, 'मला अपडेट हवंय' म्हणणारे, सगळे आले.

विंडोज २००० पासून ह्या चिन्हांना फुगे मिळाले, पिवळट रंगाचे. २००१ च्या एक्सपीमध्ये ते सुरूच झाले: तुमच्या डेस्कटॉपवर न वापरलेली चिन्हं पडली आहेत, विंडोजची टूर घ्या, अमुक केबल निघाली. दुसरीकडे एक्सपीनेच कमी वापरातली चिन्हं बाणाआड ढकलायला सुरुवात केली. म्हणजे एका हाताने भोंगा द्यायचा आणि दुसऱ्या हाताने तोंड दाबायचं.

तेव्हापासून प्रोग्रामर मंडळींची एक मागणी कायम राहिली: आमचं चिन्ह कधीच लपू नये ह्यासाठी एक फंक्शन द्या. मायक्रोसॉफ्टने ते दिलं नाही, आणि कारण अगदी पटण्यासारखं आहे. असं फंक्शन असतं तर प्रत्येकाने ते वापरलं असतं. आपला प्रोग्राम सगळ्यात महत्त्वाचा नाही असं मानणारा प्रोग्रामर (आणि त्याहून जास्त, त्याचा मार्केटिंग मॅनेजर) अजून जन्माला यायचाय. पुण्या-मुंबईत चौकाचौकात वाढदिवसाचे फ्लेक्स बघणाऱ्याला हे वेगळं समजावून सांगायला नको.

गर्दी नुसती त्रासाची असती तर एक वेळ ठीक होतं. पण फसवणारेही त्यात शिरले. ऑगस्ट २००४ मध्ये एक्सपीच्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकबरोबर सुरक्षेची लाल ढाल ट्रेमध्ये आली: तुमच्या कॉम्प्युटरला धोका असू शकतो. हेतू चांगलाच होता. पण लोकांना सवय लागली की कोपऱ्यातून लाल ढाल बोलली की ऐकायचं. मग बनावट अँटिव्हायरसवाल्यांनी नेमकी तशीच ढाल आणि तसाच फुगा काढला. तुमच्या मशीनमध्ये इतके व्हायरस सापडले, काढायचे असतील तर पैसे भरा. व्हायरस एकही नाही, फुगाच काय तो व्हायरस. 'विनफिक्सर', 'एक्सपी अँटिव्हायरस' वगैरे विकणाऱ्या टोळीवर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने डिसेंबर २००८ मध्ये केस केली. दहा लाखांहून जास्त गिऱ्हाइकं फसली असं कमिशनचं म्हणणं होतं, आणि २०१२ मध्ये १६ कोटी ३० लाख डॉलरचा निकाल लागला. त्या २५६ ठिपक्यांवर लोकांचा विश्वास किती बसला होता, ह्याची ती किंमत समजा.

आता अमेरिका पुरे. ह्या कोपऱ्याची माझी ओळख झाली ती देवगाव फाट्यावर.

परभणी जिल्ह्यात, सेलू तालुक्यात. मंठ्याहून जिंतूरला जाताना लागतो. फाटा म्हणजे फाट्यावर असतं ते सगळं: एसटीची वाट बघणारी माणसं, चहाची हॉटेलं, मोबाइल रिचार्ज, झेरॉक्स. आमचं गाव तिथून जवळ. २०१३ साली दहावीची परीक्षा दिली आणि सुट्टीत एमएस-सीआयटी करायला फाट्यावरच्या एका सेंटरवर जायला लागलो. एमकेसीएल २००१ मध्ये स्थापन झालं आणि त्यानंतर दहा-बारा वर्षांत एमएस-सीआयटीचा फलक नाही असा फाटा महाराष्ट्रात शोधावा लागेल. सेंटरवाले काका क्लास घ्यायचेच, शिवाय अर्ज टाइप करून देणं, फॉर्म भरणं, सगळं तिथेच. पाच मशीन, सगळी एक्सपीची. इंटरनेट एका डोंगलवर, तेही एकाच मशीनला.

त्या डोंगलचा महिन्याचा पॅक ठरलेला. संपला की संपला. काका कॉम्प्युटर शिकवताना आम्हाला पहिली गोष्ट माउस धरायला शिकवली नाही, कोपरा बघायला शिकवला. दोन कॉम्प्युटरचं चिन्ह निळं लुकलुकतंय म्हणजे डेटा चाललाय. आपण काही उघडलेलं नाही आणि तरी लुकलुकतंय म्हणजे कुणीतरी चोरून खातंय. आणि पिवळी ढाल दिसली की पळत येऊन सांगायचं. पिवळी ढाल म्हणजे विंडोज अपडेट उतरवून घेतंय, आणि अपडेट पूर्ण उतरलं की महिन्याचा निम्मा पॅक खलास. "बाबू, ढाल आली का रे? काढ ते डोंगल आधी, फॉर्म भरायचे राहिलेत लोकांचे." सुरक्षेच्या दृष्टीने हे महापाप आहे, मला मान्य आहे, आज मी दुसऱ्यांना अपडेट करा म्हणून मेल पाठवतो. पण ज्याने ती ढाल डिझाइन केली त्याच्या घरी इंटरनेट नळाच्या पाण्यासारखं होतं आणि काकांचं हंड्यातलं. त्याच चिन्हाचा अर्थ तिकडे 'तुमची काळजी घेतोय' आणि इकडे 'हंडा फुटलाय'.

बाकी एका प्रिंटर कंपनीचं (नाव नको) एक चिन्ह होतं, शाई संपत आली असं दर अर्ध्या तासाने फुगा फुगवून सांगायचं. शाई भरपूर असायची. काका त्याला 'जावई' म्हणायचे. कायम काहीतरी कमी पडलेलं.

पण खरी गोष्ट पुढे आहे. काकांच्या टायपिंगच्या मशीनवर श्री-लिपी होतं. इथे थोडी पार्श्वभूमी सांगायला हवी. मराठी टाइप करणाऱ्याला इंग्रजीवाल्याला नसलेला एक प्रश्न कायम असतो: पुढची कळ दाबली तर मराठी उमटेल की इंग्रजी? कीबोर्ड तोच, बोटं तीच, पण मशीन कुठल्या मनःस्थितीत आहे त्यावर सगळं अवलंबून. ह्याला आमच्या धंद्यात 'मोड' म्हणतात. लॅरी टेस्लर नावाचे मोठे गृहस्थ होऊन गेले (२०२० मध्ये वारले), कट-कॉपी-पेस्ट ज्यांच्यामुळे आपल्यापर्यंत आलं ते. त्यांचा मोडवर इतका राग की गाडीच्या नंबरप्लेटवरसुद्धा 'नो मोड्स' लिहिलेलं. त्यांचं बरोबरच आहे, पण ते एकाच लिपीत लिहीत होते. आपण मोड टाळू शकत नाही. आपल्याला निदान आत्ता कुठला चालू आहे ते दिसायला तरी हवं.

पुण्याच्या दोन संस्थांनी ह्यावर एक उत्तर शोधलं होतं. मॉड्युलर इन्फोटेकचं श्री-लिपी आणि सी-डॅकचं आयएसएम, दोन्हीकडे स्क्रोल लॉक ह्या कळीने भाषा बदलायची पद्धत रूढ होती. स्क्रोल लॉक म्हणजे कीबोर्डवरची सगळ्यात बेकार कळ. आयबीएमच्या १९८१ च्या पीसीपासून आहे, आणि एक्सेल सोडलं तर तिचा उपयोग कुणाला सांगता येत नाही. पण १९८४ च्या पीसी-एटी कीबोर्डपासून तिला स्वतःचा दिवा मिळाला. कळ दाबली की उजवीकडचा तिसरा दिवा पेटतो. म्हणजे भाषा कुठली आहे ह्याचं चिन्ह स्क्रीनवर नाही, हाताशी, खऱ्याखुऱ्या दिव्यात! बिफसाठी युनिक्सवाल्यांनी बिनकामाचा बिट पकडला, आपल्या लोकांनी बिनकामाची कळ. माझ्या मते हे मराठी कॉम्प्युटिंगमधलं सगळ्यात हुशार नोटिफिकेशन आहे. त्या दिव्याजवळ दुसरा कुणी येऊन बसू शकत नाही, त्याला फुगा येत नाही, तो बाणाआड जात नाही.

काकांच्या कीबोर्डवर त्या तिसऱ्या दिव्याखाली बॉलपेनने 'म' लिहिलेला होता. टाइप करताना ते स्क्रीनकडे बघायचेच नाहीत. डावीकडे हाताने लिहिलेला अर्ज, उजवीकडे खाली दिवा. नजर ह्या दोन्हींमध्ये फिरायची.

त्याच वेळी विंडोजनेही ह्या प्रश्नाला आपलं उत्तर दिलेलं होतं, आणि ते ट्रेमध्ये होतं. विंडोज ९५ पासून 'इंटरनॅट' नावाचा प्रोग्राम घड्याळाशेजारी भाषेची दोन अक्षरं दाखवायचा. देवनागरीचा पाठिंबा विंडोज २००० मध्ये आला, मंगल फॉन्ट आणि इनस्क्रिप्ट कीबोर्डासकट, आणि हिंदीबरोबर मराठी, कोकणी, संस्कृतही. एक्सपीत तेच काम लँग्वेज बारकडे गेलं. डावी ऑल्ट आणि शिफ्ट दाबली की अक्षरं बदलायची: इंग्रजी असेल तर 'ईएन', हिंदी असेल तर 'एचआय'. रोमन अक्षरांत. आता तुम्ही मराठीत लिहू शकता हे सांगायला रोमन अक्षरं, ह्यातली गंमत तिथे कुणाला जाणवली नसावी. त्याच सुमारास शेषाद्रिवासूंचं 'बरहा' आलं होतं (१९९८, मुळात कन्नडसाठी), एफ-११ दाबलं की भाषा बदलते आणि त्याचंही चिन्ह ट्रेमध्ये. मराठीत पहिले ब्लॉग लिहिणाऱ्यांपैकी कितीजणांनी बरहावर हात बसवला ते त्या पिढीला विचारा.

काकांना ह्यातलं काही लागत नव्हतं. दिवा होता ना.

मग सरकारी कामं युनिकोडमध्ये आणि पोर्टलवर सरकत गेली. श्री-लिपीच्या जुन्या फॉन्टमधला मजकूर पोर्टलवर चालत नाही. एप्रिल २०१४ मध्ये एक्सपीचा पाठिंबा संपला. सेंटरवर विंडोज ७ चं नवीन मशीन आलं, आणि त्याबरोबर बिनवायरचा देखणा कीबोर्ड. त्याला एकही दिवा नाही. बॅटरी वाचवायची म्हणून दिवेच काढलेले. काका इनस्क्रिप्ट आठवडाभरात शिकले, वयाच्या पन्नाशीत, हे मला अजून कौतुकाचं वाटतं. भाषा आता ऑल्ट-शिफ्टने बदलायची, आणि कुठली आहे ते सांगायला स्क्रीनच्या पार खालच्या कोपऱ्यात दोन रोमन अक्षरं. शिवाय विंडोज ७ मध्ये भाषा प्रत्येक खिडकीची वेगळी असायची. इकडे मराठी लावली, ब्राउझरमध्ये गेलात की इंग्रजी, परत आलात की मराठी. (विंडोज ८ पासून ती सगळीकडे एकच ठेवायला सुरुवात झाली.)

एका फॉर्मची शेवटची तारीख होती, सेंटरवर पंचवीस-तीस माणसं. पोर्टलचं लॉगिन काकांच्या नावाचं. कुठलं पोर्टल ते सोडा, त्या काळात सगळी सारखीच होती. पासवर्ड टाकला, चुकला. परत टाकला, चुकला. तिसऱ्यांदाही तेच, आणि खातं चोवीस तासांसाठी बंद. ब्राउझरच्या खिडकीत मराठी राहिली होती. नेहमीच्या मजकुरात पहिल्याच अक्षराला कळलं असतं, पण पासवर्डच्या चौकोनात मराठीचाही काळा ठिपका आणि इंग्रजीचाही काळा ठिपका. कोपऱ्यात खूण होती, हो, अगदी नियमाप्रमाणे होती. पंधरा फुटांवर चिकटवलेल्या नोटिशीसारखी. लोक ओरडले नाहीत, तेच जास्त वाईट वाटलं. एक आजोबा एवढंच म्हणाले, "मशीनच इंग्रजी हाय, त्याला आपलं कसं कळंल." आणि जिंतूरच्या गाडीची वाट बघायला बाहेर गेले. तिथे दुसरं सेंटर उघडं असेल ह्या आशेवर.

दुसऱ्या दिवशी काकांनी जुना कीबोर्ड परत लावला. दिव्याचा आता काही उपयोग नव्हता, विंडोजला तो दिवा भाषेसाठी पेटवता येत नाही. त्यांना म्हटलं तर म्हणाले, राहू दे, हाताला सवय आहे.

लिनक्सकडेही बघायला हवं, नाहीतर दोन-तीन मित्र घरी येऊन भांडतील. तिथे २००२ मध्ये हॅवॉक पेनिंग्टन ह्यांनी सगळ्या डेस्कटॉपना चालेल असा ट्रेचा एक प्रमाण मसुदा लिहिला. त्यात प्रोग्राम आपली इवलीशी खिडकी थेट ट्रेमध्ये रोवतो. म्हणजे आपल्या अंगणात शेजाऱ्याने स्वतःची खोली बांधायची आणि रंगही तोच ठरवणार. त्यामुळे प्रत्येक चिन्हाचा आकार, रंग, क्लिकचा अर्थ वेगळा. केडीईने मग उलटं केलं: प्रोग्रामने फक्त माहिती द्यायची, चित्र डेस्कटॉप काढेल. उबुंटूने एप्रिल २०१० च्या आवृत्तीत तीच वाट धरली. ग्नोमने सप्टेंबर २०१७ मध्ये जुना ट्रे काढूनच टाकला. लोक खवळले, आणि उबुंटूने एक एक्स्टेन्शन घालून चिन्हं परत आणली.

ह्या सगळ्यात आपल्या कामाची एक चांगली गोष्ट झाली. वेगवेगळ्या भाषांत लिहायला लिनक्सवर आयबस नावाचा प्रोग्राम असतो, तोही आधी ट्रेमध्ये इतरांच्या गर्दीत बसायचा. २०१२ च्या ग्नोम ३.६ मध्ये त्याला वरच्या पट्टीत स्वतःची हक्काची जागा मिळाली. भाषा कुठली आहे हे सांगणारं चिन्ह आणि प्रिंटरचा जावई एका पंगतीत बसवायचे नाहीत, एवढं तरी कुणाला तरी कळलं. लिनक्सवर देवनागरी दिसायला लागणारे लोहित फॉन्ट रेड हॅटच्या पुण्याच्या ऑफिसातल्या मंडळींनी वर्षानुवर्षं सांभाळले, तोही ह्याच काळ. त्यांच्यावर एक वेगळा लेख लिहायचाय.

विंडोज ७ ने २००९ मध्ये नवीन येणारं प्रत्येक चिन्ह आधी बाणाआडच टाकायला सुरुवात केली. वर काढायचं असेल तर वापरणाऱ्याने काढावं. चौदा वर्षांनी का होईना, मालकाला विचारायची पद्धत आली, तीही अर्धीच: आत येण्यापासून अडवता येत नाही, फक्त दिसण्यापासून. अर्थात प्रोग्रामवाल्यांनी लगेच दुसरा रस्ता शोधला. २०१२ च्या विंडोज ८ पासून कोपऱ्यातून सरकत येणारे चौकोन आले, विंडोज १० मध्ये ते साठवून ठेवायला एक अख्खं कपाट आलं, आणि ब्राउझरमार्फत वेबसाइटसुद्धा त्यात शिरल्या.

फोनवरही तेच नाटक पुन्हा झालं, जरा वेगाने. अँड्रॉइडच्या पहिल्या फोनवर, २००८ मध्ये, वरच्या पट्टीत चिन्हं लागायची आणि पट्टी खाली ओढली की निरोप दिसायचे. ॲप बसवलं की त्याला सूचना द्यायचा हक्क आपोआप. अँड्रॉइड १३ मध्ये, २०२२ साली, ॲपला पहिल्यांदा विचारावं लागायला लागलं: सूचना देऊ का? हो किंवा नाही. बर्कलीचा तो बिनकामाचा बिट बेचाळीस वर्षांनी परत हातात आला म्हणायचा.

डेस्कटॉपवरचं ते १९९५ चं फंक्शन मात्र विंडोज ११ मध्येही तसंच चालतं. लाव, बदल, काढ. गेल्या महिन्यात ऑफिसात आमच्या प्रॉडक्टच्या मीटिंगमध्ये विषय निघाला की आपलं चिन्ह बाणाआड जातं, ते कायम बाहेर ठेवता येईल का. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, तसं फंक्शन नाही. मग वापरणाऱ्याला पहिल्या दिवशी एक सूचना दाखवू, की आमचं चिन्ह बाहेर ओढून ठेवा, असं एकाने सुचवलं. मी विचारलं, आपलं चिन्ह नक्की काय सांगतं? बराच वेळ कुणी बोललं नाही. शेवटी चिन्ह काढून टाकायचं तिकीट माझ्याच नावावर लागलं, पुढच्या रिलीजमध्ये जाईल.